हरकतीची मुदत

धाराशिवात मला नावाने ओळखणारे थोडे. 'व्हॉइसवाल्या मॅडम' म्हटलं की मात्र बसस्टँडवरचा रिक्षावालासुद्धा आमच्या क्लासच्या जिन्यापाशी आणून सोडतो. आमच्या गल्लीत नव्याने राहायला आलेल्या एक बाई मुलीला घेऊन माझ्याकडे आल्या आणि हिला गाणं शिकवा म्हणाल्या. मी इंग्रजीचं व्याकरण शिकवते आणि त्यातही पॅसिव्ह व्हॉइस, म्हणजे आपला कर्मणी प्रयोग, ही माझी खासियत, हे कळल्यावर त्यांचा चेहरा पडला. एवढ्याशा गोष्टीवर बाईमाणसाचं पोट कसं भरतं, हे त्यांनी विचारलं नाही, पण त्यांच्या मनात आलं ते मला दिसलं.

तर भरतं. तुळजापूरच्या एका विनाअनुदानित शाळेत मी ऐन उमेदीची वर्षं घालवली. आज अनुदान येईल, उद्या येईल म्हणत केस पांढरे झाले. शेवटी इथल्या एका स्पर्धा परीक्षेच्या क्लासमध्ये आले आणि पहिल्यांदा आपल्याला कोणीतरी कान देऊन ऐकतंय असं वाटलं. खाली ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान, वर पत्र्याचा हॉल, त्यात ईटपासून मुरुमपर्यंतच्या गावांतली पोरंपोरी दाटीवाटीने बसलेली. गणितात तरबेज, इतिहास तोंडपाठ, देशोदेशीचे पंतप्रधान झोपेतून उठवून विचारा. इंग्रजीचा फळा आला की घशाला कोरड. आणि सरकारी नोकरीच्या कुठल्याही परीक्षेत व्हॉइसचा प्रश्न असतोच असतो.

साधा व्हॉइस कुणीही शिकवतं. राम आंबा खातो, आंबा रामाकडून खाल्ला जातो. पण परीक्षावाले आता एवढ्यावर थांबत नाहीत. ते वाक्य देतात, 'लोकांचा समज आहे की त्याने कागद चोरले.' याचं पॅसिव्ह करताना लोकांना पार बाहेर काढायचं आणि 'तो' पुढे आणायचा. 'ही इज बिलीव्हड टू हॅव स्टोलन द पेपर्स.' चार पर्याय असतात आणि चारही सख्ख्या बहिणींसारखे दिसतात. मी पोरांना सांगते, आधी काळ बघा. समज आजचा आहे, चोरी कालची आहे. मग 'टू'च्या मागोमाग 'हॅव' आलाच पाहिजे. तो नसलेला पर्याय कितीही गोड दिसला तरी त्याच्या नादी लागायचं नाही. आणि हे इंग्रजीतून सांगण्याआधी मी त्यांना त्यांच्या गावच्या भाषेत बोलायला लावते. 'पाटलाच्या थोरल्यानं हिरीत उडी टाकली म्हणत्यात.' कोण म्हणतंय? सगळेच. उडी कधी टाकली? मागं. झालं, निम्मं व्याकरण तिथंच आलं.

गिऱ्हाइकंही एकेक भेटली. माजी सैनिकांच्या जागेवर अर्ज केलेले एक सुभेदार होते. ते नियम परेडसारखे पाठ करत आणि चुकले की स्वतःच उभे राहत. मी बसा म्हणेपर्यंत बसत नसत, त्यामुळे कधीकधी अख्खा तास उभे. एका पोरीचा नवरा तान्ह्या लेकराला घेऊन जिन्यात बसायचा. बायको आत शिकायची, हा बाहेर पोराला थोपटत ऐकायचा. पुढच्या भरतीत दोघांनी अर्ज भरला, हा लागला आणि ती राहिली. तिने त्याला पुढे काय काय ऐकवलं असेल, देव जाणे. असल्या गोष्टी मी लग्नकार्यात सांगते आणि लोक हसतात. आज मात्र मला जी सांगायची आहे, तिच्यात हसण्यासारखं फारसं नाही.

त्यासाठी आमच्या धंद्याची एक रीत आधी समजून घ्यावी लागेल. परीक्षा झाली की थोड्या दिवसांनी पहिली उत्तरतालिका येते. कोणत्या प्रश्नाचं उत्तर काय, याचा तक्ता. पोरं तिला 'पहिली की' म्हणतात. ती अखेरची नसते. एखादं उत्तर चुकीचं वाटलं तर ठरलेल्या मुदतीत हरकत घ्यायची, सोबत मान्यवर पुस्तकाचं पान पुरावा म्हणून जोडायचं. मग तज्ज्ञ बसतात, की सुधारतात आणि दुसरी, म्हणजे अंतिम की येते. निकाल तिच्यावर लागतो. इंग्रजीच्या हरकती धाराशिवातली पोरं माझ्याकडून लिहून नेत. माझी हरकत सहसा फेटाळली जात नाही, हा माझा तोरा होता. अजूनही आहे, खोटं कशाला बोलू.

अश्विनी ईटची, सविता मुरुमची. समतानगरात एका खोलीत दोघी राहायच्या. एकच गॅस, एकच कुकर, भाकरी सविता करायची आणि भाजी अश्विनी. अश्विनी शांत, अक्षर मोत्यासारखं, शंका आली तरी विचारायची नाही. सविता तोंडाळ. मी काही बोलले की 'आसं कसं की ओ मॅडम' ठरलेलं. सविता वयाने मोठी. वयाची अट अशी होती की ही परीक्षा गेली तर तिला पुन्हा अर्जच भरता येणार नव्हता. तिचे आईवडील थकले होते आणि भाऊ म्हणायचा, बास झालं आता, घरी ये.

भरती निघाली. पद कोणतं ते मी मुद्दाम सांगत नाही. दोघींचा जिल्हा एक, प्रवर्ग एक आणि त्या प्रवर्गात मुलींसाठी जागा एकच. एका खोलीतून दोघी एकाच जागेसाठी पेपर द्यायला गेल्या आणि येताना एकाच उसाच्या रसाच्या गाड्यावर थांबून आल्या.

पहिली की आली. आमच्याकडची पोरं निकालाची वाट बघत बसत नाहीत. मोबाइलवर सगळ्यांचे मार्क गोळा करतात आणि स्वतःच यादी लावतात. ती यादी सरकारी नसते, पण सहसा चुकत नाही. त्या यादीत जिल्ह्यातून मुलींमध्ये अश्विनी पहिली होती आणि तिच्या मागोमाग सविता. दोघींमध्ये एका प्रश्नाचं अंतर.

उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग म्हणतात, तसं ईटने केलं. हा आता आमच्या भागातला रिवाजच झालाय. पोरगं लागलं रे लागलं की गावात फ्लेक्स, उघडी जीप, हलगी, गुलाल. आधी अंतिम निकालानंतर व्हायचं, मग तात्पुरत्या यादीनंतर व्हायला लागलं, आता पहिल्या कीवर होतं. कारण शेजारच्या गावाने केलेलं असतं. आणि ईटमध्ये तर मुलगी लागली होती, पहिल्यांदा. मला आमंत्रण द्यायला अश्विनीचे वडील स्वतः आले. बब्रुवान त्यांचं नाव, गावात सगळे तात्या म्हणतात. उंच, ताठ माणूस, सत्काराच्या आधीच फेटा बांधलेला.

मी म्हटलं, "तात्या, अजून अंतिम यादी नाही. थोडं थांबलात तर?"

"मॅडम, पोरं म्हणत्यात फिक्स हाय. आन गाव थांबत आसतंय व्हय? तुमी फकस्त या."

बाजारात तुरी हे मला कळत होतं. तरीही गेले. कौतुक कुणाला नको असतं? स्टेजवर मला शाल आणि नारळ दिला, 'या गुरुमाउली' असं माइकवरून कोणीतरी ओरडलं आणि मी हात जोडले. जीपमध्ये अश्विनी उभी होती, कपाळ गुलालाने भरलेलं, आणि तिने हाताला धरून सविताला शेजारी चढवून घेतलं होतं. सविताच्या केसांत गुलाल, गळ्यात कुणीतरी घातलेला झेंडूचा हार. ती त्या गर्दीत सगळ्यात जास्त नाचली. त्याच दिवशी जेवणाच्या पंगतीत परंड्याकडच्या एका घराने अश्विनीसाठी शब्द टाकला. मुलगा नोकरीला, घर बघितलेलं. आठवड्यात सुपारी फुटली.

पुढचा सोमवार. परीक्षेनंतर मी इंग्रजीचा अख्खा पेपर वर्गात सोडवून दाखवते, ही माझी जुनी पद्धत. की काय म्हणते ते आधी बघत नाही. फळ्यावर सोडवते आणि मग कीशी ताडून बघते. व्हॉइसच्या प्रश्नावर आले. असाच प्रश्न होता, लोकांचा समज आजचा आणि करणी कालची. मी उत्तर लिहिलं. की बघितली. कीमध्ये 'हॅव' नसलेला पर्याय दिला होता.

आता माझी स्थिती कशी झाली असेल, ते दुसऱ्या कोणाला कळायचं नाही. आयुष्यभर जे शिकवलं तेच नेमकं त्यांनी चुकवलं होतं. मी खडू आपटला आणि ठणकावून म्हणाले, "की चुकलेली आहे. हरकत घेतली तर बदलणार म्हणजे बदलणार. कुणाचं बरोबर आलंय? हात वर करा."

बरेच हात वर झाले. सविताचाही झाला, अर्धा, आणि लगेच खाली आला. मग वर्ग गप्प झाला. एरवी असं काही सांगितलं की टाळ्या पडतात. मला समजेना. सगळे दुसऱ्या बाकाकडे बघत होते. तिथे अश्विनी मान खाली घालून बसली होती. तिचं उत्तर कीशी जुळत होतं. म्हणजे तिचं चुकलं होतं आणि त्या चुकीचा मार्क तिला मिळाला होता. सविताने मी शिकवलेलं लिहिलं होतं आणि तिचा मार्क गेला होता. की सुधारली तर एक खाली येणार होती, एक वर जाणार होती आणि जागा एकच होती.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. पण मी काय करायला हवं होतं? चुकलेलं बरोबर म्हणून फळ्यावर लिहायचं? तसं केलं असतं तर मी उद्या वर्गात कुठल्या तोंडाने उभी राहिले असते? तो विचार मी अनेकदा केलाय आणि दर वेळी तिथेच येऊन थांबते.

दोन दिवसांनी तात्या आले. फेटा नव्हता, डोक्याला टॉवेल. ईटच्या खव्याचे पेढे आणले होते. डबा टेबलावर ठेवला आणि उभेच राहिले.

"बसा तात्या."

"बसत न्हाय. बाई, एक इनंती हाय. तुमी हरकत लिवून देऊ नगा."

मी पेढ्यांचा डबा त्यांच्याकडे सरकवला.

"तुमी स्टेजवर हुता. तुमी बगितलंय समदं. गाव जेवलंय. सुपारी फुटलीया. आता पोरगी खाली आली तर म्या त्वांड कुटं दावू? तिला कोन करून घील?"

"तात्या, ती दुसरी मुलगीही कुणाची तरी लेक आहे. आणि बरोबर तिचं आहे."

"आसंल. तुमी शिकल्याली मान्सं, तुमाला बरूबर-चूक कळतंय. म्या काय म्हंतो, तुमी नुसतं गप ऱ्हावा. येवडंच."

मला राग आला. थांबा म्हटलं तेव्हा थांबले नाहीत आणि आता मी गप्प बसायचं. मी म्हणाले, "सविता आली तर मी लिहून देणार. नाही आली तर मी तिच्या मागे जाणार नाही." ते तसेच जिना उतरले. पेढ्यांचा डबा तसाच राहिला. तो मी ऑफिसात वाटायला दिला, मला एकही खाववला नाही.

मग अश्विनी आली. वर्ग सुटल्यावर, सगळे गेल्यावर.

"मॅडम, तात्या आले व्हते का?"

"आले होते."

ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मला वाटलं, ही आता काहीतरी मोठं बोलणार. सविताला घेऊ द्या हरकत, असं काहीतरी. माणसाकडून आपण उगीचच अशी अपेक्षा ठेवतो. ती म्हणाली, "मॅडम, बाकीच्या जिल्ह्यातले बी घेतील का हरकत?"

पेपर सगळ्या राज्याला एकच होता. ज्यांचं बरोबर आलंय असे हजारो असणार आणि माझ्यासारखे शिकवणारेही गावोगाव असणार. तिला हे माहीत होतं. मला माहीत आहे हेही तिला माहीत होतं. तरी ती माझ्याकडे अशी बघत होती, की मी नाही म्हटलं तर तेवढ्यावर तिला झोप लागली असती.

"घेतील," मी म्हणाले.

"बरं," ती म्हणाली आणि गेली. त्या पोरीची मला त्या वेळी फार कीव आली आणि तिला जवळ घेऊन दोन शब्द बोलायला हवे होते, पण मला ते जमत नाही. माझा स्वभाव खडूसारखाच आहे, कोरडा.

सविताची मी वाट बघत होते. पुस्तक काढून ठेवलं होतं, पानात कागदाची खूण घालून ठेवली होती. मागे जाणार नाही असं तात्यांना म्हटलं होतं खरं, पण मुदत संपत आली तरी ती येईना. शेवटी मीच तिला बोलावून घेतलं.

"हरकत कधी घेणार आहेस?"

"मी घेत न्हाय की ओ मॅडम."

"वेडी आहेस का? तुझी ही शेवटची परीक्षा आहे. तिला अजून संधी आहेत."

"म्हायत हाय."

"मग?"

तिने नेहमीसारखं फाडकन उत्तर दिलं नाही. खालच्या आवाजात म्हणाली, "मॅडम, मी तिच्या जीपमदी हुते. गुलाल माझ्याबी डोक्यात हुता. तिच्या आईनं माझी ओटी भरली. आता कुटल्या हातानं घेऊ हरकत?" मग म्हणाली, "आन घेतलीच, तर खोलीत जाऊन तिच्या हातची भाजी कशी खाऊ? आजकाल आम्ही बोलतच न्हाय. ती भाजी करती, मी भाकरी करते. दोघी भिंतीकडं तोंड करून जेवतो."

मी तिला खूप समजावलं. हक्क म्हणजे काय, न्याय म्हणजे काय, सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "तुमी घेता का? तुमच्या नावानं?"

हरकत परीक्षा दिलेल्यालाच घेता येते. मला घेता येत नव्हती. तेवढं तिला पुरेसं होतं. ती उठली. मी पुस्तक मिटून कपाटात ठेवलं. पुढे कळलं की आमच्या क्लासच्या अभ्यासिकेतल्या सगळ्या पोरांनी मनोमन ठरवलं होतं, इथून कोणी हरकत घ्यायची नाही. ज्यांचा मार्क गेला होता त्यांनीसुद्धा. कुणी तसं बोललं नाही, ठराव केला नाही. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदाच इंग्रजीची एकही हरकत माझ्याकडून कोणी लिहून नेली नाही. मुदत संपली त्या दिवशी मी घरी लवकर गेले आणि नवऱ्याशी विनाकारण भांडले.

अंतिम की आली. तो प्रश्न सुधारला होता.

कुणी हरकत घेतली असेल? नागपूरच्या कुणीतरी, नाशिकच्या कुणीतरी, कोकणातल्या कुणीतरी. त्यांना ईट कुठे आहे ते ठाऊक नव्हतं आणि त्यांनी काही वाईटही केलं नव्हतं. त्यांचा मार्क होता, तो त्यांनी मागितला. आम्ही सगळे मात्र, तात्या, सविता, ती पोरं आणि मी, जणू आमच्या गप्प बसण्यावर सगळं अडलं आहे अशा थाटात गप्प बसलो होतो. सविता पहिली आली. अश्विनी दुसरी. जागा एक.

तात्यांचा फोन आला. मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "तुमी येवडं कराय नगं हुतं, बाई."

"तात्या, मी केलं नाही. सवितानेही केलं नाही. देवीची शपथ घेऊन सांगते."

"असू द्या," ते म्हणाले. "शपथ कशाला घेता." आणि फोन ठेवला. मी तुळजापूरची आहे. देवीच्या शपथेवर आमच्या भागात माणूस विश्वास ठेवतो. त्यांनी ठेवला नाही, ते मला फार लागलं.

परंड्याकडच्यांनी निरोप धाडला की पत्रिका जुळत नाही. सुपारी फुटली तेव्हा त्यांनी पत्रिका मागितलीही नव्हती. गावात अश्विनीला तोंडावर कोणी काही म्हटलं नाही, एवढी माणुसकी ईटमध्ये आहे. पण 'साहेब' हे नाव तिला चिकटलं. आधी कौतुकाने म्हणत होते, मग सवयीने, मग पोरंटोरं मागून हाक मारायला लागली. फ्लेक्स काही दिवस चौकात होता. मग तो कुणीतरी काढून नेला आणि कडब्याच्या गंजीवर टाकला. मी एका लग्नाला ईटला गेले होते तेव्हा तो मला बसमधून दिसला. मजबूत कापड असतं, पावसात कडबा भिजत नाही. फेट्यातली अश्विनी आभाळाकडे बघत गंजीवर पसरली होती.

सविता रुजू झाली. मुरुममध्ये तिचाही सत्कार ठरला होता, तिने होऊ दिला नाही. भाऊ रुसला, गावातले म्हणाले, नोकरी लागली अन् मस्ती चढली. खोली सोडायला आली तेव्हा अश्विनी गावी होती. सविताने कुकर आणि गॅस तिथेच ठेवला, आपले कपडे नि पुस्तकं घेतली. मला भेटायला आली तेव्हा हातात नेमणुकीचा आदेश होता आणि चेहरा सुतकातल्यासारखा.

"मॅडम, तुमी तरी तिला सांगा की, मी घेतली न्हाय."

"तू सांग."

"माझा फोन उचलत न्हाय ओ."

त्या मुलीच्या वाट्याला आनंदाचा एक दिवससुद्धा आला नाही. मी तिला पोटाशी धरलं. म्हटलं ना, मला जमत नाही, पण तेव्हा धरलं. अजून तिचा फोन येतो. कामाचं बोलते, ऑफिसातला साहेब कसा आहे सांगते, आणि शेवटी विचारते, "ती येती का क्लासला?"

येते. चार-पाच महिन्यांनी आली. तात्या पाठवायला तयार नव्हते, आईने भांडून पाठवली असं ऐकलं. खोली तीच घेतली, आता एकटीला. पहिल्या दिवशी वर्ग सुटल्यावर तिने मला विचारलं, "मॅडम, सवितानं घेतली व्हती का हरकत?" मी म्हणाले, "नाही. शपथेवर सांगते." ती म्हणाली, "बरं." तिला पटलं की नाही, मला सांगता यायचं नाही. त्या 'बरं'चा अर्थ मला तेव्हाही कळला नव्हता आणि आत्ताही कळला नाही.

मागच्या भरतीचे पेपर पुढच्या वर्षीच्या पोरांना सोडवायला देतात, ही आमच्या धंद्यातली दुसरी रीत. छापील पुस्तिका येतात, त्यात अंतिम कीप्रमाणे उत्तरं असतात. गेल्या महिन्यात व्हॉइस घेतला. हॉल नव्या पोरांनी भरलेला, पण गोष्ट सगळ्यांना माहीत होती. असल्या गोष्टी अभ्यासिकेत पहिल्या दिवशीच कानावर पडतात. अश्विनी त्याच दुसऱ्या बाकावर होती. मी एकेक प्रश्न घेत गेले. तो प्रश्न आला तेव्हा मी तो सोडून खालचा वाचला. पुस्तिका सगळ्यांसमोर उघडी होती, सगळ्यांनी बघितलं. मी फळ्याकडे वळले.

"मॅडम, मदला राहिला," मागून आवाज आला.

अश्विनी उभी होती. इतक्या वर्षांत तिने वर्गात कधी हात वर केला नव्हता. मी म्हटलं, "बस, तो सोपा आहे." ती बसली नाही. तिने पुस्तिका हातात घेतली आणि प्रश्न मोठ्याने वाचला. मग चारही पर्याय वाचले. मागच्या परीक्षेत तिने खूण केलेला पर्याय आला तेव्हा तो तिने दोनदा वाचला. नंतर नव्या पोरांकडे वळून तिने सांगितलं, समज आजचा आहे, करणी मागची आहे, म्हणून 'हॅव' पाहिजे, म्हणून हे उत्तर. जसं मी शिकवते तसंच, शब्दाला शब्द.

कुणी उत्तर दिलं की मी 'बरोबर' म्हणते आणि पुढे जाते. हजारो वेळा म्हटलं असेल. त्या दिवशी तोंडातून शब्द फुटेना. सगळा हॉल माझ्याकडे बघत होता आणि ती उभी होती, पुस्तिका छातीशी धरून.

"बरोबर हाय ना, मॅडम?" तिने विचारलं.

"बरोबर आहे," मी म्हणाले. "बस बाळ."